पाच तास वर

(तपासणीची खोली. टेबलापलीकडे डॉक्टरबाई, अलीकडे क्रेनचालक आणि त्याची बायको. क्रेनचालकाचा पाय टेबलाखाली थांबायला तयार नाही.)

डॉक्टर : म्हणजे अजून सात महिने वर काढलेत, की खालची खुर्ची तुमची.

क्रेनचालक : नव्या चालकांना शिकवायचं. पंख्याखाली बसून. चढउतार संपली. साहेबांनी शब्द दिलाय.

डॉक्टर : आणि त्याआधी मी इन्सुलिन सुरू केलं तर?

क्रेनचालक : आमच्या कंपनीत इन्सुलिनवाला वर चालत नाही. चक्कर आली तर खाली माणसं असतात. उद्याच घरी बसवतील. दुसरं काहीतरी द्या ना.

डॉक्टर : काय देऊ? साखरेची तीन महिन्यांची सरासरी नऊ पूर्णांक आठ. सातच्या आसपास हवी. पहिली गोळी पूर्ण मात्रेत चालू आहे. दुसरी वाढवली, तर वर असतानाच साखर धाडकन उतरायची. तिसरी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी, चौदा महिने देतेय. ढिम्म!

बायको : ते आठवड्यातून एकदा टोचतात ते? शेजारच्या ताई घेतात.

डॉक्टर : ते इन्सुलिन नव्हे. भूक मंदावते, साखर उतरते. पण सुरुवातीला मळमळतं. साठ मीटरवर मळमळलं तर?

क्रेनचालक : माझं पोट दगडाचं आहे, बाई. सातला चढतो तो बारालाच उतरतो. पाच तास जागचा हलत नाही. लघवीलासुद्धा नाही. विचारा कुणालाही.

डॉक्टर : लघवीलासुद्धा नाही?

क्रेनचालक : एकदाही नाही!

डॉक्टर : तिसरी गोळी सकाळीच घेता ना?

क्रेनचालक : हो, म्हणजे... सकाळीच.

डॉक्टर : ती घेऊन पाच तास?

बायको : अहो, तो पाय थांबवा आधी. त्या विचारतायत काहीतरी.

क्रेनचालक : रविवारी घेतो.

बायको : आणि बाकीचे सहा दिवस? माझ्यासमोर तोंडात टाकता की!

क्रेनचालक : टाकतो. जिन्यात थुंकतो.

बायको : अगं बाई!

क्रेनचालक : पहिल्याच आठवड्यात बाटली घेऊन चढावं लागलं. खालच्यांनी पाहिलं. वायरलेसवर 'गळका नळ' म्हणून हाका मारायला लागले. वीस वर्षं ज्यांचा माल अलगद उतरवला, ते!

डॉक्टर : मग औषध कुठे हरलं? ते पोटात गेलंच नाही. रोज गिळायची, भरपूर पाणी प्यायचं, मधे खाली उतरायचं. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तरी नाही उतरली, तर रजा काढून आठवड्याचं इंजेक्शन. कंपनीला चिठ्ठी मी देते.

क्रेनचालक : काय लिहिणार चिठ्ठीत?

डॉक्टर : चालकाला लघवीसाठी उतरू द्यावं.

क्रेनचालक : साहेबांच्या टेबलावर जाईल ती! सगळे वाचतील! खुर्ची राहिली बाजूला...

बायको : वाचू देत. चौदा महिने तुमच्या आई सांगत सुटल्यात, साखर घालताना हिचाच हात सैल. तुमच्या जोडीनं मीही अळणी-उकडलेलं गिळलं. आणि डॉक्टर, दर खेपेला आकडा बघून तुम्हीही माझ्याकडेच बघायचात.

डॉक्टर : बघायचे खरी. चुकलंच माझं. हे बघा, मागच्या वेळी मीच लिहिलंय : 'घरच्या पथ्याचा उपयोग नाही. काहीच उतरलं नाही.'

बायको : उतरलं ना. नऊ किलो. माझं.