बिनभिंतीच्या खोलीत साहेबांना डांबून ठेवल्याबाबत

नाव विचारल्यावर मी खरे नाव सांगितले आहे, पण त्या नावाने गावात मला कोणी ओळखणार नाही. शिंपीणकाकू असेही लिहून घ्यावे. वय त्रेपन्न, धंदा शिवणकाम, राहणार शाळेमागची गल्ली. ठाण्यात बोलावून विचारपूस केल्यावरून मी समक्ष हजर राहून सांगते की,

आमच्या दोन खोल्यांत सासूबाई, मी, यजमान, मुलगा, सून आणि शिलाई मशीन असे राहतो. गावात भाड्याने घर मिळत नाही. मुलाने शहरात खोली बघितली असून महिनाअखेर त्याचे नि सुनेचे सामान हलवायचे ठरले आहे. 

शाळेसमोर गावचे मैदान आहे. तिथे एका बांधकाम कंपनीला मोठे बंगले बांधायचे आहेत. वरच्या कार्यालयाने कळवले की, गावाने स्वतः आराखडा करून मतदानाने मंजूर केला, तर बांधकाम त्याप्रमाणेच करावे लागेल. म्हणून आम्ही समिती केली. मी तिची अध्यक्ष आहे, कारण पहिल्या सभेला मी उशिरा गेले आणि तोवर बाकी सगळ्यांचे नको म्हणून झाले होते.

आराखडा कागदावर काढला तेव्हा सगळे माना डोलवत होते आणि कळत कोणालाच काही नव्हते. मलाही नाही. मी कपडा बेतताना कापडावरच खडूने आखते, म्हणून म्हटले, मैदानावरच आखू. मग पांढऱ्या फक्कीने गावातल्यांसाठी खऱ्या मापाची लहान घरे, रस्ता आणि झाडांची जागा आखली. ज्याला शंका असेल त्याने आपले सामान आणून एक दुपार तिथे राहून बघावे, असे ठरले.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या घरात सामान लावत होतो. तेव्हा कंपनीचे साहेब, म्हणजे तक्रारदार, पाहणीला आले आणि तरातरा आत शिरले. सासूबाई म्हणाल्या, "अहो, भिंतीतून काय येताय? दार तिकडे आहे." साहेब वळसा घालून दाराने आले. त्यांना कोणी हात लावला नाही. बूटही त्यांनी आपणहून काढले. सुनेने खुर्ची व चहा दिला.

नंतर मुलगा आणि यजमान कॉट आत आणू लागले. दारासमोरच दुसरी भिंत असल्याने ती वळेना. कॉटचा पाय रेषेवर पडला की सासूबाई "पाडलीत भिंत!" म्हणून ओरडत, की पुन्हा पहिल्यापासून. साहेब निघायला उठले, तर दारात कॉट. ते म्हणाले, "मला उशीर होतोय." सासूबाई म्हणाल्या, "मग हात लावा." चारी बाजूंना फक्त रेषा होत्या. साहेबांनी एक पाय उचलला असता तर सुटले असते. तो का उचलला नाही, हे त्यांनाच विचारावे. ते खुर्चीत बसून घड्याळ बघत राहिले.

शेवटी तेच वैतागून म्हणाले, "अहो, दार त्या बाजूला घ्या ना! इथून जन्मात जाणार नाही ही कॉट." यजमानांनी पायाने रेषा पुसली, मी फक्की टाकून दार हलवले. कॉट एका दमात आत आली आणि साहेब बाहेर गेले. आता सगळ्याच घरांची दारे आम्ही तशी घेतली आहेत. साहेबांचे आभार मानायचेही ठरले आहे. डांबून ठेवल्याची तक्रार त्यांनी आपल्या कचेरीत सगळे हसल्यावर केली असावी, असा माझा अंदाज आहे. तो लिहिला नाही तरी चालेल.

साहेब गेल्यावर सून कॉटवर बसली आणि म्हणाली, "इथून शाळा दिसते हो." मुलगाही तिच्याशेजारी बसून तिकडे बघू लागला. मग म्हणाला, "खोलीवाल्याला थोडं थांबा म्हणून सांगू का?" मला रडू आले. डोळ्यात फक्की गेली असे मी त्यांना सांगितले, पण इथे खरे सांगायचे असते म्हणून सांगते. मतदान येत्या रविवारी आहे. आराखडा पडला तर मुलगा जाणार.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात घटनेची जागा 'मोकळे मैदान' अशी लिहिली आहे. ते खोडून 'मुलाचे घर' लिहा, असे मी सांगितले. हवालदार म्हणाले, "काकू, तिथे अजून घर नाहीये." म्हणून ते तसेच ठेवले आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.