ठकीच्या गालावरचा डाग

मंडळी, आज आधी एक प्रश्न. उत्तर लगेच देऊ नका! पुढे बसलेल्या बाळगोपाळांनो, तुम्हीही विचार करा. घरातली जुनी वस्तू आपण टाकतो. टाकताना नुसती वस्तूच जाते, की तिच्याबरोबर आणखी काही जातं?

काय म्हणता काकू? "अडगळ जाते"? वा! थांबा जरा. आख्यान ऐका, मग बोलू.

एक होती ठकी. हसू नका रे पोरांनो! ठकी म्हणजे लाकडाची बाहुली, आजीला विचारा घरी गेल्यावर. सावंतवाडीच्या एका चिताऱ्याने ती पांगाऱ्याच्या लाकडातून कोरली. लाल लुगडं रंगवलं, हिरवी चोळी रंगवली आणि शेवटी डोळे काढले — मोठ्ठे, टपोरे, उघडे! आता उघडे काढले म्हणजे मिटायची सोय नाही. आपलं बरं असतं, आपण कीर्तनातसुद्धा मिटतो — खांबाला टेकलेले अण्णा, तुम्हाला नाही हो म्हणत, चालू द्या! — पण ठकीला समोर येईल ते बघावंच लागे.

ती आली यमूच्या घरी. यमू लहान पोर. पहिला घास ठकीला, पांघरुणाची ऊब ठकीला! एकदा आळीतल्या पोरींनी बाहुला-बाहुलीचं लग्न मांडलं. बाहुला शेजारच्या गोदीचा. अक्षता पडल्या, चुरमुऱ्यांची पंगत झाली. यमू ठकीला ओवाळायला गेली, हात थरथरला आणि निरांजन टेकलं गालाला — चर्र! काळा डाग पडला. यमू धावत आत गेली, लोण्याचा गोळा घेऊन आली, आणि त्या लाकडाच्या गालाला लोणी चोळत रडत रडत म्हणते कशी, "दुखतंय का गं ठके?"

लाकडाला दुखतं का, मंडळी? नाही दुखत. पण कुणी मायेने विचारलं ना, 'दुखतंय का?' — की तिथून दुखायला सुरुवात होते! त्या दिवशी ठकीला मन आलं.

आता रीत अशी, की नवरी बाहुलेवालीकडे जायची. गोदी म्हणाली, "आण इकडे. आमची सून झाली ती." यमूने ठकीला पोटाशी धरलं. "नाही देणार, जा! मोडलं लग्न! माझ्या ठकीला मीच सांभाळीन, मरेपर्यंत!"

ठकीने तो शब्द धरून ठेवला. लाकूड ते! एकदा कोरलं की कोरलं.

पुढे यमूचं खरं लग्न झालं. ठकी ट्रंकेतून सासरी आली आणि ट्रंक चढली माळ्यावर. उघडे डोळे आणि अंधार! खालून आवाज यायचे. बाळाचं रडणं, भांड्यांचा खणखणाट, गौरीची आरती. ठकी मनाला समजवायची, "कामात असेल बिचारी. पोर मोठं झालं की येईल." पोर मोठं झालं. "पोराचं लग्न उरकलं की येईल." उरकलं! मंडळी, वाट बघायला लावणाऱ्याला कारणं शोधावी लागत नाहीत. वाट बघणाराच ती त्याच्यासाठी शोधतो!

एक दिवस ट्रंक उघडली. उजेड! पण हात यमूचा नव्हता. सुनेचा होता, सुनेत्राचा. घराला रंग द्यायचा होता, माळा रिकामा करायचा होता. ती वरून ओरडली, "आई, ही लाकडी बाहुली टाकू का? गाल जळलाय हिचा."

यमूची आता यमुनाकाकू झाली होती. खाली शेंगा सोलत बसली होती. मान वर केली नाही. "टाक गं. काय करायचीय आता?"

ठकीला वाटलं, बघितलं नाही म्हणून म्हणाली. बघितलं असतं तर नसती म्हणाली!

सुनेत्रा मोठी भाविक. नाकडोळे असलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकायची? तिने ठकीला हळदकुंकू लावलं, तिठ्यावरच्या, तीन वाटा मिळतात तिथल्या पिंपळाखाली फुटक्या तसबिरींशेजारी ठेवली आणि हात जोडले. आहे की नाही गंमत? टाकायचंही आणि नमस्कारही करायचा! त्यात दिवस अमावास्येचा. तिच्या ध्यानातच नाही.

संध्याकाळी गावात बोंब! "तिठ्यावर बाहुली! कुंकू लावलंय, गाल जाळलाय! करणी आहे, करणी!" माणसं गोळा झाली. "शिवू नका रे!" "तरीच माझी म्हैस काल आटली!" — आता बाहुली ठेवली आज, म्हैस आटली काल. पण भीतीला कोण विचारणार?

गर्दीत यमुनाकाकू आली. बोट धरून चिमुरडी नात, जुई. काकूचे केस पिकलेले, पाठ वाकलेली, तरी ठकीने तिला तत्क्षणी ओळखलं. आली! माझी यमू आली! आता उचलेल!

यमुनाकाकूने गालावरचा डाग पाहिला. हात पुढे झाला, लोणी चोळणारा तोच हात! ओळखलं मंडळी, तिनेही ओळखलं! एवढंच म्हणायचं होतं, "अरे, ही माझी ठकी."

तेवढ्यात जुईच ओरडली, "आजी, ही तुझी ठकी ना? तू लोणी लावलंस ती!"

पाहिलंत? नातीला गोष्ट सांगितली होती. गोष्ट जपली, ठकी टाकली!

सगळी गर्दी वळली. भिकू गुरव म्हणाला, "काय काकू? तुमच्या घरची काय ही?"

यमुनाकाकूने नातीच्या तोंडावर हात दाबला. "गप्प बस! काहीतरीच बोलते पोर. आमची नाही हो!" आणि बाजूला थुंकली — थू, थू!

कुणी काटक्या टाकल्या, कुणी रॉकेल. पांगारा हलका, भुर्रकन पेटला. ठकीचे डोळे उघडेच. काकू पोरीला ओढत निघाली, ती पाठ ठकीला दिसत होती. दुसराही गाल जळला. 'दुखतंय का' म्हणून विचारायला या वेळी कुणी नव्हतं. आणि दुखत होतं, मंडळी. फार दुखत होतं.

संपली गोष्ट? मोठ्यांची संपली. पोरांची इतक्यात संपत नाही. शाळेतला धडा घोकावा लागतो, हा धडा जुईला एकदाच पुरला.

वर्षं गेली. जुईला बघायला पाहुणे आले. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या. एवढ्यात मागच्या खोलीतून खोकल्याची उबळ आली आणि बारीक हाक, "जुये... पाणी दे गं..."

पाहुणीने विचारलं, "आत कोण आहे?"

सुनेत्रा गडबडली. जुई नाही गडबडली. बशी पुढे करून म्हणाली, "कुणी नाही. घ्या ना, पोहे घ्या."

भिंत पातळ होती. खाटेवर यमुनाकाकू पडून होती, डोळे उघडे. बघत होती!

मघाशी अडगळ म्हणालात ना काकू? अडगळ जाऊ दे खुशाल! पण त्या ट्रंकेत तुमचा शब्द ठेवलेला असतो, तोही जातो. आणि तो जाताना ही पोरं बघतात. बघा यांचे डोळे — मोठ्ठे, टपोरे, उघडे! काही मिटत नाहीत ते!

चला, देवाचं नाव घेऊ. पण आज हळू आवाजात घ्या, मंडळी. घरी कुणी खोकत असेल, तर ते इथवर ऐकू आलं पाहिजे.