पुरातली अक्षत

मंडळी, आज जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसूच नये! माझा स्वतःचाही बसत नाही — आणि मी तर स्वतः तिथं होतो!

आधी एक सांगा. सगळ्या गावाला ओरडून सांगितलं, म्हणजे प्रत्येकाला सांगितलं असं होतं का? आं? माना नंतर हलवा, आधी ऐका!

धरणाचं पाणी सुटलं. कर्ण्यावरून ओरडून ओरडून सरपंच सर्जेरावांचा घसा बसला — "टेकडीवर शाळेत चला!" झाडून सगळं गाव गेलं. गेनूतात्या सोडून! पाणी ओसरीवर, तात्या माळ्यावर. पाणी माळ्यावर, तात्या कौलांवर! शेजारी म्हैस!

मला धाडलं. होडी कुठली? गूळ आटवायची काहील! वल्ही म्हणून दोन झांजा. पाणी मारत गेलो — पण तालात हं!

"तात्या, चला! बुडाल!"

"आम्हांला बोलावणं नाही."

"अहो, कर्णा सकाळपासून बोंबलतोय!"

"तो गावाला बोंबलतोय. आमच्या दारात अक्षत आली का? असंच उठून जाणारं घर नव्हे हे!"

हसता काय? लग्नाची पत्रिका नुसती पोस्टानं आली, तर तुम्ही जाता का? मग!

परत फिरलो, कुंकू लावलेले तांदूळ आणले. तात्यांच्या कंबरेला पाणी, तरी म्हणतात कसे — "उंबऱ्यावर ठेवा." मारली बुडी! उंबऱ्यावर एक मासा. त्यानं पर पुढं केला! दिले दोन दाणे. दारात भेटलेल्याला वगळायचं कसं?

वर आलो. "तात्या, यायचं बरं का!"

"बघतो, जमलं तर. आमच्या म्हशीला?"

म्हशीला वेगळी अक्षत! तिनं मान लववून घेतली. कोंबड्यांना दिली. तेव्हा कुठं तात्यांनी टोपी पिळली, डोक्यावर चढवली आणि काहिलीत बसले. म्हैस मागून पोहत — मानानं!

तेव्हा मंडळी, कर्णा गाव उठवतो. माणूस उठतो तो कुणी दारात जाऊन नावानं बोलावल्यावर! तुमच्या आळीत कोण राहिलंय, आठवा. मी बघा — त्या घरातला एक जीव बोलावण्यावाचून ठेवला नाही—

"खोटं!"

समोर बसलेल्या बायकांतून आवाज. तात्यांची बायको, हौसाकाकू, पदर खोचून उभी!

"साफ खोटं, बुवा! मीही तिथंच आढं धरून बसले होते. मला कुठं म्हणालात, काकू चला म्हणून? म्हशीचं शेपूट धरून आले मी!"