रामदासभाऊचा वर केलेला हात

प्रथमोपचार मले कोनी शिकवू नका, गावची आशाताई होऊन मले बारा वर्षं झाली. पन धानकापनीतला हा किस्सा ऐकाच.

आमच्या आरमोरीकडं कापनीच्या टोळीचा मुकादम रामदासभाऊ. त्यानं धुऱ्यावर, म्हंजे शेताच्या बांधावर, उभं राहून हात वर केला, की बायांची जेवनाची सुट्टी. मी बी त्या दिवशी कापाले होती. सकाळी दहालेच भाऊच्या बोटावर विळा बसला. रक्त थांबेना, तर भाऊ खिशातला खर्रा काढून जखमेत भराले निघाला.

"हे काय करून राह्यले, भाऊ?"

"तंबाखूनं रक्त थांबते ना, बाई."

"तंबाखू तोंडापुरतीच ठेवा."

कॅनच्या पान्यानं जखम धुतली, डब्याचा स्वच्छ रुमाल गच्च दाबला आन् म्हनलं, "आता हात डोक्याच्या वर धरा. मी सांगीन तोवर खाली आनाचा नाई."

भाऊनं हात वर केला. तिकडं पंचवीस बायांनी विळे ठेवले आन् डबे उघडले.

शेतमालक पळत आला. "दहा वाजता सुट्टी? भाऊ, हात खाली घे."

"बाई नाई म्हनते," भाऊ म्हने.

मी म्हनलं, "हात वरच राहीन. तुमी गाडी काढा, टाके आन् धनुर्वाताचं इंजेक्शन लागन."

मालकानं गुपचूप गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी भाऊ पट्टी बांधून धुऱ्यावर हजर. दहा वाजले तशी एक म्हातारी माझ्याजवळ सरकली.

"बाई, भाऊचं रक्त पुन्हा येऊन राह्यलं असन. त्याले हात वर धराले सांगा ना जरा."