माणक्याचं आवतन

उज्वला : किल्ली द्या, मामा. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची.

भगवानराव : दोनदा सांगितलं, न्हाई देनार. सासऱ्याच्या हातातून किल्ली हिसकनारी सून अजून ह्या घरात आली न्हाई.

उज्वला : हिसकत नाही, मागून राहिले. आणि सून म्हणून नाही, गावची आशा सेविका म्हणून मागून राहिले.

भगवानराव : कालपतूर लेकरांना पोलिओ पाजत होतीस, आज विहिरी बंद करायला निघालीस व्हय?

उज्वला : टँकर पलटला नसता तर पोलिओच पाजत बसले असते. परवा लोहा रोडच्या वळणावर कच्चं तेल सांडलं, सगळं ओढ्यात आलं. ओढा आपल्या विहिरीच्या काठाकाठानं जातो आणि सगळं गाव त्याच विहिरीचं पाणी पितं. नमुना नांदेडला गेलाय. तिथून सांगेपर्यंत त्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

भगवानराव : ऐक. लातूरला रेल्वेनं पानी आनलं त्या साली बी ही विहीर आटली न्हाई. म्या पंचायतीला म्हनलं, घ्या, गावाला पाजा. तिला आजवर कुनी कुलूप लावलं न्हाई. आन आज सकाळीच पेलो की मी. वास न्हाई, काही न्हाई. खामखा लोकांना बेजार करून राहिलीस.

उज्वला : वास उडून जातो मामा, तेल राहतं. शेजारच्या शरणम्माच्या पोरी काल ओढ्यावर धुणं घेऊन गेल्या होत्या. दोघींच्या पायाला फोड आलेत. धाकटी उलट्या करून करून आडवी झाली, तिला दवाखान्यात पोचवूनच मी इथं आले.

कावेरीबाई : अगं बया! मंग पानी उकळून पेलं तर, उज्वला?

उज्वला : उकळल्यानं जंतू मरतात, आत्या. तेल कसं मरेल?

भगवानराव : तुझी ती पांढरी पावडर हाय ना? टाक की दोन डबे.

उज्वला : पोतं टाकलं तरी उपयोग नाही. पावडर जंतूंसाठी असते. आत्या, चुलीपाशी ती कळशी कशाची झाकून ठेवली?

कावेरीबाई : ती व्हय? ती... सांडलेलं तेल अख्खं गाव भरून आनत हुतं गं. फुकट ते पौष्टिक! म्हनलं चौकटीला वाळवी लागलीय, तिला होईल. चूल पेटवायला होईल.

उज्वला : चूल पेटवायला! एक ठिणगी उडाली तर घर जाईल. आधी ती अंगणात न्या, गोठ्यापासूनही लांब, आणि वर झाकण घट्ट बसवा. ओतून देऊ नका, उचलायला माणसं येणार आहेत. आणि लुगडं गुडघ्याला का चिकटलंय तुमच्या?

कावेरीबाई : थोडं लावलं हुतं. दुखतात म्हनून. दुखायचं ऱ्हाईलं बाजूला, आता लई आग होतीय.

उज्वला : कमाल करता, आत्या! साबण लावून धुऊन घ्या, लगेच. मग माझ्यासंगं दवाखान्यात चला.

भगवानराव : घ्या! सगळ्या घराला बीमार ठरवून मोकळी झाली.

उज्वला : मामा, मला तुमच्याशी भांडायचं नाही. मला आज संध्याकाळची भीती वाटून राहिली. उद्या पोळा, आज खांदेमळणी आहे. दुपार कलली की बैल धुवायला ओढ्यात उतरणार. मान तुमचा. आधी तुमची जोडी, मग गावाची, आणि बैलांच्या मागं सगळी लेकरं. मी घरोघरी सांगून आले. सगळे एकच म्हणतात, भगवानराव काय करतात ते बघू.

भगवानराव : मंग काय करू? बैल न धुता खांदे मळू? आज्यापासून चालत आलंय.

कावेरीबाई : सांगा तिला.

भगवानराव : तू गप बस.

कावेरीबाई : न्हाई बसत. झाकली मूठ किती येळ धरनार? उज्वला, आपल्या माणक्या बैलानं काल सांजच्यापून वैरनीला तोंड लावलं न्हाई. लाळ गळून राहिली, उभं ऱ्हावत न्हाई त्याला. गोचीड झाले म्हनून ह्यांनी त्याच्या अंगाला तेच तेल चोळलं. मुक्या जनावरानं अंग चाटलं.



उज्वला : जनावरांच्या डॉक्टरला फोन केला का, मामा?

भगवानराव : काय सांगू फोनवर? मानाच्या बैलाला मालकानंच इख चारलं म्हनून? दरसाल ट्रॅक्टरचं जळकं तेल लावतो गं, कधी काही झालं न्हाई. वाटलं, हे बी तसलंच असंल. ह्या हातानं चोळलं म्या.

उज्वला : आनंदराज डॉक्टर लोह्यातच आहेत, मी लावते फोन. तोवर त्याच्या तोंडात काही ओतू नका, घरचा इलाज तर नकोच. शाळेपाशी पाण्याचा टँकर आलाय, तिथली बादली आणू. माझ्याकडे हातमोजे आहेत, दोघं मिळून साबणानं पुसून काढू.

भगवानराव : येवढा दांडगा बैल. जरा चाटलं तर बसकन मारली त्यानं. लेकरू असतं तर...

उज्वला : म्हणूनच किल्ली मागते, मामा.

भगवानराव : किल्ली न्हाई देत. कुलूप मीच लावतो. तू लावलंस तर म्हनतील, आशानं लावलं, आन पोरं रात्रीतून तोडतील. म्या लावलेलं कोन तोडतो बघू.

उज्वला : आणि ओढा?

भगवानराव : मारुतीच्या देवळातला भोंगा चालू करायला सांग. काय काय बोलायचं ते वाटंत सांग मला. मानूस न्हाई, जनावर न्हाई, कुनी ओढ्यात उतरायचं न्हाई. माणक्याचं बी सांगतो.

कावेरीबाई : अहो, लोक हसतील.

भगवानराव : हसू दे. हसत हसत का व्हईना, घरी थांबतील.

कावेरीबाई : आन मान?

भगवानराव : जोडीतल्या पाखऱ्याला घेतो एकट्याला. ओढ्याच्या काठानं सगळ्यांच्या समोरून नेतो, पान्यात उतरवत न्हाई. तसाच शाळेपाशी. तिथं टँकरच्या पान्यानं धुतो.

उज्वला : ते पाणी पिण्यापुरतंच आहे, मामा. प्रत्येकानं बैल धुतला तर लेकरांना घोट उरायचा नाही.

भगवानराव : एवढं बी कळत न्हाई व्हय मला? फडकं ओलं करून पुसतो, तांब्याभर पान्यात. मानाचा बैल फडक्यानं पुसला म्हनल्यावर बाकीच्यांचे काय सोन्याचे हायेत?

उज्वला : चला मग. डॉक्टर येईपर्यंत माणक्याचं आवरू.

भगवानराव : आन नांदेडहून काही बी कळू दे, तू सांगशील तवाच कुलूप उघडीन. महिना लागला तर महिना.

कावेरीबाई : अहो, ऐका की. सांजच्याला बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावताना त्यांना आवतन देतो आपन. आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. माणक्या तर घास खाईना. त्याला द्यायचं का न्हाई?

भगवानराव : द्यायचं. पयलं त्यालाच. फकस्त उद्याचं म्हनू नको. म्हनावं, बरा होशील त्या दिवशी ये.