मोहरीची पिशवी

विमानतळावरच्या तपासणीचं कौतुक माझ्यासमोर करू नका. हिनेच सांगा म्हटलं, म्हणून सांगतो.

लेकीकडे नागपूरला निघालो होतो. आमच्या हिचा एक स्तन ऑपरेशनमध्ये काढलाय. दुकानातला नकली फार हलका लागायचा, म्हणून उल्हासनगरातून सुती कापड आणून हिने पिशवी शिवली आणि आत मोहरी भरली. तीच ही ब्लाउजात घालते. त्या दिवसापर्यंत आमच्या मोरिवलीत हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

तपासणीच्या बाईने पडद्यामागे नेऊन ती पिशवी काढायला लावली आणि हातात उंच धरून बाहेर साहेबाकडे आली.

"सर, हे बघा! आतमध्ये दाणे आहेत!"

सगळी रांग बघायला लागली. ही पदर छातीशी घट्ट धरून उभी.

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "ताई, ऑपरेशननंतरची आहे. छातीला लावते."

"छातीला?" बाई ओरडलीच.

पिशवी मशीनमधून गेली. साहेबाने दाबून पाहिली, हुंगली. मग बाईने ती परत दिली.

"आंटी, पडद्यामागे जाऊन लावा. इथे सगळ्यांसमोर बरं दिसत नाही."

मी म्हणालो, "पडदा आहे होय अजून? मला वाटलं, तोही तपासायला नेलात."