जीपमंदी माझा आवाज

माझं माहेर किन्हवलीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला, आणि दिलं मला इकडं मुरबाडच्या बाजूला, टोकावड्याच्या रस्त्यावर, म्हणजे एका तालुक्यातून उपटली नि दुसऱ्यात लावली, भाताची आवणी करतात ना तशी. नाव माझं सुंदरा, पण नावानं कोण हाक मारतंय, धवलारीन बोलायचे मला सगळे. धवलारीन म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. हळदीला, तेलाला, देवांना मांडवात बोलवायला तीच पाहिजे, तिनं तोंड उघडल्याबिगर पुढचं काय हलायचं नाय. माझी आत्या धवलारीन होती, तिच्या मागं मागं फिरून शिकले मी, लिहिलेलं काय नाय, सगळं तोंडपाठ. सासरी आले तं इथंबी बोलवायला लागले. नवरा शेतावर नि मी मांडवात, असं चाललं होतं.

मंग डीजे आला. डीजेशी माझं भांडण नाय, पोरांना नाचायला पाहिजे, नाचू दे. पण एका हळदीला मी नवरीपुढं बसून देवांची नावं घेत होते, आणि मागून पोरांनी डीजे लावला. काय सांगू तुम्हाला, माझा आवाज मलाच ऐकू येईना, तरी मी गातेच हाये, थांबावं का नाय समजेना, देवाचं नाव अर्ध्यात कसं सोडू, आणि समोरच्या पोरी तोंडाला रुमाल लावून हसत होत्या, कारण बाईचं तोंड हलतंय नि आवाज काय नाय. नवरीची आय बोलली, मावशी, तुमी जेवून घ्या. एवढंच बोलली, वाईट नाय बोलली. पण मी न जेवता घरी आले, आणि त्याच्यानंतर मांडवात गायले नाय. बोलवायला आले की सांगायची, गळा बसलाय. आता गळा कुणाचा वर्षानुवर्षं बसतो का? लोकांनीबी मंग बोलवायचं सोडलं. घरात भाकऱ्या थापताना मात्र तोंडात यायचं, ते काय जात नाय.

माझा पोरगा नरेश, त्याची जीप हाये, मुरबाड ते टोकावडे, शेअरिंगची. जुनी घेतली. आधीच्या मालकानं टेप काढून नेलेला, समोर नुसतं भोक आणि त्यातनं वायरी लोंबतायत, दारातले स्पीकर तेवढे जागेवर. स्टँडवर पोरं विचारायची, गाणी हायेत काय रे, आणि नाय बोलला की दुसऱ्या जीपमंदी जाऊन बसायची. मोबाइल लावावा तं मधीच फोन वाजतो. मंग कल्याणवरून त्यानं काडेपेटीएवढा प्लेअर आणला, त्यात गाणी वाजायची आणि आवाज भरूनबी घेता यायचा. दारातल्या वायरी सरळ त्याला जोडल्या, तं मच्छर कानाशी आल्यागत आवाज. त्याचा मेकॅनिक दोस्त बोलला, अरे येड्या, त्याच्यात कानात घालायचे वाजवण्यापुरती ताकद, दाराचे स्पीकर तो कसे वाजवल, मधी अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे. तो आणला, लहानसाच, प्लास्टिकच्या डब्यात बसवून भोकात ठेवला, बॅटरीवरून त्याला करंट दिला, दारांच्या वायरी त्याला नि प्लेअरबी त्याला. घरी येऊन मला बोलला, आये, टेप नाय, पण गाणी झाली. मी बोलले, बरं झालं रे बाबा. मला काय माहीत, त्या काडेपेटीत त्यानं अजून काय भरलंय.

एक दिवस मुरबाडला बाजार करून स्टँडवर आले, नरेशची जीप लागलेली, तो चहाला गेलेला. मी ड्रायव्हरच्या मागच्या शिटावर जाऊन बसले, पिशव्या पायाशी घेतल्या. मंग चारपाच बाया चढल्या, नवीन लुगडी, गजरे, हळदीला निघालेल्या. त्यांच्या गर्दीत मी पार कोपऱ्यात. नरेश आला, मागं बघितलं नाय, गाडी काढली. गाव सुटल्यावर त्यानं प्लेअर चालू केला, आणि दारातनं मी गायला लागले.

माझाच आवाज, वो! भाकरी थापल्याचा थपथप आवाज मधी येतोय, एकदा तर मी खोकलेय, तेबी हाये त्यात. आणि केवढ्यानं! दोन्ही दारांतून. एक पोरगी बोलली, ओ काका, बदला ना, कोण म्हातारी रडते ही? बाया हसल्या. आणि नरेश, त्याला काय मी मागं हाये ते माहीत नाय, तो बोलला, रडत नाय ताई, माझी आय हाये ती, धवलारीन.

एक बाई वळली, माझ्याकडं बघून बोलली, अगो बाई, सुंदरामावशीच ना तुमी? सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. मी ओरडले, नऱ्या, बंद कर! तो दचकला, आणि त्यानं बंद करायच्या आधी मी दोन शिटांच्या मधनं हात घातला नि दिसली ती वायर ओढली. ठिणगी उडाली, जळका वास आला, बाया किंचाळल्या, नरेशनं गाडी कडेला घेतली. सगळी उतरली रस्त्यावर, उन्हात, नवी लुगडी सावरत, आणि मधी मी, वायरीचा तुकडा हातात.

त्यांच्यात एक म्हातारी होती, आवडीआजी बोलत होते तिला, नवऱ्यामुलाची आजी. ती माझ्याजवळ आली नि बोलली, हळदीचं होतं गो ते. अर्ध्यात नको सोडू, आमी हळदीलाच निघालोत, पुरं कर. मी तोंड उघडलं. शप्पथ सांगते, उघडलं. पण आवाज नाय आला. तिकडं डीजे होता, इथं तर रस्ता सुना होता, तरीबी नाय आला. आवडीआजीनं जरा वाट बघितली, मंग स्वतःच गायली, चुकत चुकत, शब्द इकडचे तिकडे, आणि मघाशी बदला ना बोललेली पोरगी खाली मान घालून तिच्या मागं बोलत होती. मी गाडीच्या आडोशाला जाऊन उभी राहिले.

नरेशनं नंतर तो डबा काढला, जळलेलं बदलून आणलं, परत बसवलं. मंग एकदा जेवताना बोलला, आये, पुसून टाकू का ते? म्हाताऱ्या बाया स्वतःहून सांगतात लाव म्हणून, कोण कोण तर उतरायचं ठिकाण आलं तरी बसून राहतात. तुला लाज वाटते, मला नाय वाटत. मी ताटातली भाकरी मोडत राहिले. मी त्या पोराला सांगितलं होतं का कधी, मी गायचं का सोडलं? नाय सांगितलं. त्यानं मला चोरून भरून घेतलं, कारण सरळ मागितलं असतं तं मी गळा बसलाय बोलले असते, पोटच्या पोरालाबी. मी बोलले, राहू दे. पण मी गाडीत असले की लावू नको.

तो पाळतो ते. मी चढले की पिच्चरची गाणी लावतो. पण मंग एखादी म्हातारी बोलते, आज ते नाय लावलंस रे, आणि तो आरशातनं माझ्याकडं बघतो, आणि मी खिडकीबाहेर बघते. म्हणून आता मी काय करते, स्टँडवर त्याची जीप दिसली की मागं सरते, एसटीची वाट बघते. परवा अशीच उभी होते, तो माझ्यासमोरनं गेला, काचा खाली, गाडी भरलेली, आणि माझा आवाज रस्त्यानं पुढं निघून गेला. मी पदर तोंडावर ओढला. बाजूची बाई बोलली, काय झालं गो? मी बोलले, काय नाय, ऊन लागतंय.

गाडी भरून चालू दे त्याची, देव त्याला सुखात ठेवो. मी येते आपली मागनं.